अठ्ठेचाळीस खणांचं कपाट

माझ्या भावाला मी अजून माफ केलेलं नाही. हे आधीच सांगते, कारण ही हकीकत ऐकली की लोक माझीच समजूत घालायला लागतात. "जाऊ द्या हो, तुमच्या भल्यासाठीच केलं ना त्यानं?" भल्यासाठी! हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी तेव्हा सोलापुरात मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. वय एकोणतीस, लग्न झालेलं नव्हतं. आमचं घर मोहोळचं. वडील लवकर गेले, अडतीचं दुकान थोरल्या भावानं सांभाळलं आणि आई त्याच्याकडेच राहिली. नोकरीमुळं मी सोलापुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मालकीणबाई खाली राहायच्या. लिंगायत, एकट्या, घरात कानडी बोलणाऱ्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणायचे.

एकट्या बाईच्या खोलीत काय असावं याबद्दल लोकांची मतं पक्की होती. एक खाट, एक स्टोव्ह, एक ट्रंक, भिंतीवर देवाचं कॅलेंडर. लग्न होईपर्यंत मुलीनं कसंबसं राहायचं; घर मांडायचं ते लग्नानंतर, सासरी, आणि तेही सासूला विचारून. मला हे कधीच पटलं नाही. दिवसभर चाळीस-चाळीस मुलींचे फुलदाणीचे आडवेतिडवे आकार दुरुस्त करून मी ज्या दाराचं कुलूप उघडत होते, त्या दारामागं माझं घर होतं. ते कुणी येईपर्यंत कोरं का ठेवायचं?

दर मंगळवारी गावात मोठा बाजार भरायचा. शाळा सुटली की भाजीच्या रांगा ओलांडून मी थेट मागच्या बोळात जायचे. तिथं जुन्या सामानाचे ढीग असायचे. तिथला एक म्हातारा चाचा, पांढरी दाढी, जाड भिंगाचा चष्मा, मला पाहिलं की हसायचा. पहिल्यांदा मी त्याच्याकडून एक तुटक्या पायांचा पाट घेतला तेव्हा त्यानं विचारलं होतं, "जलाने कू ले रैं क्या बाई?"

"नाही चाचा, भिंतीला लावायला."

"पाट? भिंत कू?" तो बघतच राहिला. पण पुढच्या मंगळवारी त्यानं माझ्यासाठी न्हाव्याच्या दुकानातला एक आरसा बाजूला काढून ठेवला होता. वरच्या काठाला बदकांची जोडी रंगवलेली, एका कोपऱ्यातला पारा उडालेला. मग लाल-हिरव्या काचांचा रेल्वेचा कंदील आला. गोटीसोड्याच्या बाटल्या आल्या, त्या मी खिडकीत ओळीनं मांडल्या. आणि माझी सगळ्यात आवडती वस्तू, जकार्डचे पुठ्ठे. चादरीवर नक्षी उठवायला मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ फिरते. नक्षी बदलली की जुनी माळ टाकून देतात. मी तिचे दोन तुकडे करून खिडकीला पडद्यासारखे सोडले. दुपारी ऊन आलं की फरशीभर ठिपके पसरायचे. अक्का जेवणाचं ताट घेऊन वर आल्या की ठिपके चुकवत चालायच्या, जणू काही ती रांगोळी होती.

मोहोळला या सगळ्याचं नाव होतं 'भंगार'. दादा सोलापुरात मालाला आला की उंबऱ्यात उभा राहून म्हणायचा, "काय गं, अजून उकिरडाच फुंकती व्हय?" मी हसून सोडून द्यायचे. पण मनात एक गोष्ट खुपत होती. दुष्काळाच्या वर्षी त्याच बोळात तांब्या-पितळेच्या भांड्यांचे ढीग पडले होते. हंडे, घंगाळी, लग्नात आलेल्या कळश्या, त्यांवर बायकांची नावं कोरलेली. ती नावं वाचून माझा हात पुढं होईना. मी त्यातलं एकही भांडं घेतलं नाही. आणि हाच दादा त्या दिवसांत दुकानाच्या मागं अशी भांडी वजनावर घेऊन वितळवायला पाठवत होता. त्याचा तो धंदा, आणि माझा मात्र नाद.

कपाट आलं ते त्यानंतरच्या वर्षी. गावातलं एक जुनं काष्ठौषधीचं दुकान बंद झालं आणि त्याचं सामान चाचाकडं आलं. भिंतीएवढं कपाट, आठ खणांच्या सहा ओळी, म्हणजे अठ्ठेचाळीस खण. वर हिरव्या ऑइलपेंटचे थरांवर थर. एका ठिकाणी पोपडा उडाला होता आणि आत सागवान दिसत होतं. मी एक खण ओढला. आतून वेखंडाचा, ओव्याचा, ज्येष्ठमधाचा असा वास आला की मी तिथंच खाली बसले.

चौघा हमालांनी ते जिन्यावरून वर चढवलं. दिवाळीची सुट्टी आणि त्यानंतरचे सगळे रविवार मी ते हिरवे थर खरवडत होते. नखं फुटली, हात सोलले. लाकूड स्वच्छ झालं, तेल पाजलं, मग मला सुचलं की खणांच्या तळाला चित्रं काढावीत. खण उघडेल त्यालाच दिसतील अशी. एकात मागावर बसलेल्या पद्मशाली बाईचे पाय, एकात तळ्याच्या पायऱ्यांवर वाळत घातलेली धोतरं, एकात चाचाचा चष्मा. एकात माझ्या शाळेसमोर थांबणारी सिटी बस, दाराला लोंबकळणाऱ्या माणसांसकट. एकात आईचे हात, ज्वारीची भाकरी थापताना. अशी एकतीस चित्रं झाली. सतरा खण राहिले होते.

मे महिन्यात चित्रकलेच्या परीक्षेचे कागद तपासायला मला आठ दिवस पुण्याला जावं लागलं. किल्ली अक्कांकडं ठेवली. परतले तो शनिवार होता. सकाळच्या गाडीनं उतरले, टांग्यानं घरी आले. जिना चढतानाच चुन्याचा वास आला.

दार उघडं होतं. आत दादा आणि वहिनी. भिंती पांढऱ्याफटक. खिडकीला गुलाबी फुलांचा पडदा. मधोमध फॉरमायकाचा टीपॉय, त्यावर प्लास्टिकची फुलं. चार नव्या खुर्च्या. आणि कपाटाच्या जागी काहीच नव्हतं. फक्त भिंत.

मी पिशवी खाली ठेवायचीही विसरले. "दादा, माझं सामान कुठाय?"

"आलीस व्हय? बस की आदी." तो खुशीत होता, हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. "उद्या पावनी याची हायत. लई चांगलं स्थळ हाय. पोरगा सरकारी हापिसात हाय. म्हनलं, त्या भंगारात पावन्याला कुटं बसवायचं? समदं काढून टाकलं. बग, कसं घरावानी घर दिसतंय."

"काढून टाकलं म्हणजे कुठं टाकलं?"

"हातगाडीवाला आनला हुता. चार खेपा केल्या त्यानं. न्हेन्याचं भाडं मागितलं न्हाय हे नशीब समज."

विकलंही नव्हतं त्यानं. दिलं होतं. फुकट. माझे दोन वर्षांचे मंगळवार, माझी सोललेली बोटं, माझी एकतीस चित्रं त्यानं एका परक्या माणसाच्या गाडीवर चढवली होती, आणि वर त्या माणसाचे उपकार मानत होता.

"खणांमध्ये चित्रं होती," मी म्हणाले.

वहिनी म्हणाली, "व्हय, बगितली की मी. चांगली हुती. पर चित्रं काय, तुमी आनि काढाल की वो."

मी तशीच खाली आले. अक्का दारातच उभ्या होत्या, रडवेल्या. "अय्यो, सख्खा भाऊ किल्ली मागतो म्हटल्यावर मी नाही कशी म्हणू गं? मी म्हणाले त्याला, तिला येऊ दे. तो म्हणाला, तिला आश्चर्य दाखवायचंय."

त्या दिवशी भर उन्हात मी हातगाडीवाल्याला शोधत फिरले. चाचाला घेऊन फिरले. त्याच्या गुडघ्यांना चालणं झेपत नव्हतं, तरी तो आला. हातगाडीवाला भेटला तेव्हा पुठ्ठ्यांच्या माळा भडभुंज्याच्या भट्टीत जाऊन राख झाल्या होत्या. आरसा उतरवताना फुटला होता. बाटल्या सोडावाल्यानं धुऊन भरायला घेतल्या होत्या, त्याच्याकडून काय परत मागणार? कपाट मोटारीतून आलेल्या कुणीतरी रस्त्यातच उचललं होतं. कोण, कुठला, त्याला ठाऊक नव्हतं. चाचा त्याच्यावर ओरडला, "बाई की चीज थी रे! पूछना नै क्या?" हातगाडीवाला म्हणाला, "भावानं दिली, मी कुणाला पुसू?" त्याचं काय चुकलं होतं? पुसायला हवं होतं ते दुसऱ्यानंच.

रविवारी पाहुणे आले. मी आवरून बसले, कारण आई मोहोळहून आली होती आणि तिनं माझ्यापुढं हात जोडले होते. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी खोलीभर नजर फिरवली. "घर टापटीप ठेवलंय हो मुलीनं. हल्ली नोकरी करणाऱ्या मुलींना घराची आवड नसते."

दादा फुलून म्हणाला, "तिला लई हौस हाय घराची."

तेव्हा मला राहवलं नाही. "हे माझं घर नाही," मी म्हणाले. "माझं घर यांनी गेल्या गुरुवारी हातगाडीवर घालून दिलं. ही फुलंही माझी नाहीत आणि या खुर्च्याही. मला विचारलं असतं तर मी तुम्हाला चटईवर बसवलं असतं, पण माझ्या चटईवर."

दादाचा चेहरा विटेसारखा लाल झाला. वडील खाकरले, मुलानं चहाच्या कपात बघितलं. फक्त त्या मुलाची आई, तोवर एक शब्द न बोललेली, पुढं वाकून म्हणाली, "काय काय होतं?"

मी सांगितलं. आरसा, कंदील, पुठ्ठे, काष्ठौषधीच्या दुकानातल्या कपाटाचे अठ्ठेचाळीस खण. ती ऐकत होती. "ओव्याचा वास अजून येत होता?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. मग तिच्या नवऱ्यानं तिला उठायची खूण केली आणि ती उठली. स्थळ मोडलं, ते मोडणारच होतं. पण त्या दोन दिवसांत काय होतं असं विचारणारं माणूस मला ते एकच भेटलं.

ते गेल्यावर दादा ओरडला, "समाजात तोंड काळं केलंस माजं!" मी म्हणाले, "खुर्च्या घेऊन जा आणि परत किल्ली मागू नकोस." त्यानं खुर्च्या नेल्या. टीपॉय राहिला, तो मी अक्कांना दिला.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात एका चादर-कारखानदाराच्या घरून शाळेत निरोप आला. मुलीचा साखरपुडा आहे, रांगोळी काढायला चित्रकलेच्या बाईंना पाठवा. कारखानदार शाळेच्या समितीवर होते, म्हणून मुख्याध्यापिकांनी मला पाठवलं. मी गेले. बंगला नवा होता. कारखानदारांच्या बायकोनं मला दिवाणखान्यात नेलं, आणि समोरच्या भिंतीला माझं कपाट उभं होतं.

त्यावर चकचकीत पॉलिश चढवलं होतं. खणांना पितळी कड्या लावल्या होत्या. वर एक चांदीचा मोर ठेवला होता.

"आवडलं ना?" बाई खूश होऊन म्हणाल्या. "पुण्याच्या दुकानातून आणलंय. एका संस्थानिकाच्या घरातलं आहे, शंभर वर्षांचं. गंमत बघा, आतून चित्रं आहेत. दरबारच्या चित्रकारानं काढलेली." त्यांनी एक खण ओढला.

आत सिटी बस होती. दाराला लोंबकळणारी माणसं, पाटीवर आमच्या थांब्याचं नाव.

"बाई," मी म्हणाले, "संस्थानात सिटी बस होती का?"

त्यांनी वाकून पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. मी एकेक खण उघडत गेले. "हा माझ्या ओळखीच्या चाचाचा चष्मा. हे तळं. हे माझ्या आईचे हात. हे कपाट माझं आहे. माझ्या गैरहजेरीत माझ्या भावानं ते भंगारात दिलं. चित्रं मी काढलीत, आणि खालचे सतरा खण रिकामे आहेत, बघा."

त्यांनी पाहिलं. सतरा खण रिकामे होते. मला वाटलं, आता काहीतरी माणसासारखं ऐकायला मिळेल. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अगंबाई, मग बरंच झालं की! उरलेले सतरा तुम्हीच रंगवून द्या ना. सेट पुरा होईल. साहेब योग्य ते देतील तुम्हाला."

भावानं निदान कचरा समजून फेकलं होतं. या बाईला ते मोलाचं आहे हे माहीत होतं, कुणाचं आहे हेही आता कळलं होतं, आणि तिला माझ्याकडून हवं होतं ते काय, तर उरलेलं काम!

"मला माझं कपाट परत हवंय," मी म्हणाले.

"असं कसं? आम्ही रीतसर दुकानातून घेतलंय."

माझ्या हातात आईच्या हातांचा खण होता. मी तो पूर्ण बाहेर ओढला, काखेत मारला आणि दाराकडं चालू लागले. "अहो, बाई! रांगोळी!" मागून आवाज आला. नोकर दारात होता, तो बाजूला झाला. रस्त्यावर येईपर्यंत मी मागं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. कडक बाई, चाळीस वर्षं नोकरी झालेल्या. "तुम्ही त्यांच्या घरातून वस्तू उचलून आणलीत. माफी लिहून द्या, म्हणजे विषय मिटेल."

मी कागद घेतला आणि घडलं तसं सगळं लिहिलं. खाली माफी लिहिली नाही. शेवटी एवढंच लिहिलं की उरलेले तीस रंगवलेले खणही माझेच आहेत, ते कधी पाठवता ते कळवावं. मुख्याध्यापिकांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. "हे पाठवलं तर तुमचं नुकसान होईल, कळतंय ना?"

"पाठवा."

त्यांनी पाठवलं. कारखानदारांचा ड्रायव्हर एकदा येऊन खण मागून गेला, मी दिला नाही. उत्तर आलं नाही, कपाटही आलं नाही. जूनमध्ये माझ्याकडचे वरचे वर्ग काढून घेतले आणि परीक्षेच्या तयारीचा तासही दुसऱ्यांना दिला. कारण कुणी सांगितलं नाही. पाचवीच्या मुलींना मी सफरचंद काढायला शिकवत राहिले.

त्या पावसाळ्यात आई मोहोळहून एस.टी.नं आली. खण मी भिंतीला लावला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. "माजं हात एवढं काळं हायत व्हय?" म्हणाली. मी हसले. मग ती खाली बसली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "मला ठावं हुतं गं. तो जायच्या आदी मला सांगून गेलता. तू पुन्याला हायस तवर उरकून घेतो म्हनला. मी गप बसले."

मी उठले. चहा केला. तिच्यापुढं कप ठेवला. ती तिचं म्हणून जे काही होतं, एक पितळी डबा आणि दोन लुगडी, आयुष्यभर दुसऱ्याच्या फळीवर ठेवून जगली होती. तिच्यावर मी किती रागावणार? पण रागावले. आजही थोडी रागावलेली आहे.

मंगळवारचा बोळ मी सोडला नाही. पुन्हा पुठ्ठे मिळाले, दुसरा आरसा मिळाला, बदकांविना. लग्न केलं नाही. स्थळं येत राहिली, मी पाहुण्यांना चटईवर बसवत राहिले. किल्ली मात्र पुन्हा कुणाकडं ठेवली नाही, अक्कांकडंसुद्धा नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं हेही मला ठाऊक आहे.

दादानं पुढं बऱ्याच वर्षांनी जुळे सोलापूर या नव्या वसाहतीत बंगला बांधला. वास्तुशांतीला मी गेले, आईसाठी. दिवाणखान्याच्या भिंतीवर बैलगाडीचं चाक टांगलेलं, कोपऱ्यात तांब्याचं घंगाळ, त्यात कागदी फुलं. डेकोरेटरनं सुचवलं म्हणे. दादा मला हाताला धरून सगळं दाखवत होता. "आता लई फ्याशन हाय ह्याची. केवड्याला मिळतंय म्हाईत हाय? तुला तवाच कसं कळलं गं हे?" आणि मोठ्यानं हसला. पाहुण्यांना म्हणाला, "आमची बहीण आर्टिस्ट हाय, तिला पयल्यापासून नाद हुता."

मी वाट पाहिली. मला खरंच वाटलं होतं की आता तो पुढचं वाक्य बोलेल, माझ्या कपाटाबद्दलचं. तो डेकोरेटरचं कार्ड शोधायला आत गेला. वहिनीनं जेवायला बसा म्हणून दोनदा सांगितलं. मी आईजवळ थोडा वेळ बसले, तिचा निरोप घेतला, आणि न जेवता रिक्षा करून घरी आले.